पोटुशीचा राखणदार

भिकन कुंभाराला मातीचा तिटकारा होता. तसं पाहिलं तर कुणाला कशाचा तिटकारा असावा याला काही कायदा नाही, पण कुंभाराच्या पोटी जन्मून मातीला नाक मुरडायचं म्हणजे माशानं पाण्याला नावं ठेवण्यातला प्रकार. त्याचे दोघे भाऊ दिवस उगवायच्या आत उठून माती तुडवत, गाढवं हाकत, भट्टी लावत. भिकन मात्र धोतराचा सोगा वर धरून कडेकडेनं जाई आणि पायाला चिखल लागला की नळावर अर्धा तास घालवी.

लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी त्याला विचारलं. सासऱ्यांचं नाव पंडित. आयुष्यात पाटीवर एक अक्षर गिरवलं नव्हतं, पण बुऱ्हाणपूरच्या कुंभारवाड्यात त्यांच्यासारखा रांजण कुणाला साधत नव्हता.

"चाक फिरवता का, जावाईबापू?"

"नाही. मी सरकारी नोकरी करनार हाय."

"कोनती?"

"निंघन ती."

नोकरी निघायला आठ वर्षं लागली. तोवर भिकन स्टेशनावर केळीचे घड चढवी, सरकी काढायच्या जिनात कापसाची गाठोडी उचली, आणि संध्याकाळी इतवारा बाजारात पानाच्या दुकानासमोर उभं राहून 'अर्ज दिलेला हाय' असं सांगे. घर चाले ते बायकोच्या, सरुबाईच्या मातीवर. ती बापाकडून शिकलेली. सुगडं, पणत्या, चुली, तवे, सगळं तिच्या हातून निघे. भिकन ते बाजारात नेऊन विकायचासुद्धा नाही. डोक्यावर मडकी घेतलेला माणूस साहेबाच्या नजरेस पडला तर नोकरी कशी मिळेल, अशी त्याला काळजी.

आणि मग खरोखर नोकरी निघाली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, भिकनला त्यानं धुराडं फाडून दिली.

झालं असं. गावकुसाबाहेर, तापीकडच्या अंगाला एका सरकारी खात्याचा उतरायचा बंगला होता. खात्याचं नाव मी सांगत नाही, खाती हळवी असतात. त्या दिवसांत नेपानगरला कागदाच्या गिरणीची यंत्रं बसत होती आणि त्यासाठी परदेशातून माणसं येत. त्यातला एक गोरा इंजिनिअर एक अख्खा हिवाळा या बंगल्यात उतरला. त्याचं अर्धं आयुष्य मेक्सिको नावाच्या मुलखात गेलं होतं आणि तिथं म्हणे लोक अंगणात मातीची एक गलेलठ्ठ शेगडी ठेवतात. खाली रांजणासारखं पोट, पोटाला पुढून तोंड आणि वर उंच नळीसारखा गळा. पोटात जाळ करायचा, गळ्यातून धूर जातो, आणि माणसं समोर खुर्च्या टाकून शेकत बसतात. साहेबानं कागदावर चित्र काढलं. पंडितबाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि महिन्याभरात हुबेहूब वस्तू भाजून तयार केली.

कुंभारवाड्यातून बंगल्यापर्यंत ती बैलगाडीतून न्यायची होती. भाऊ कामात, सासरे म्हातारे, म्हणून भिकन गेला. त्यानं गाडीत कडब्याचा बिछाना केला आणि दोन मैल गाडीबरोबर चालत, दोन्ही हातांनी तिचा गळा धरून, एक टवका उडू न देता ती आणली. माती भाजली की भिकनला तिचा तिटकारा नसे. साहेब खूश झाला. जाताना त्यानं वरच्या साहेबांना सांगितलं की ही वस्तू बंगल्याला भेट, पण हिला सांभाळायला एक माणूस ठेवा, हाच ठेवा. तेव्हा आपली राजधानी नागपूर होती. नागपूरहून मंजुरी आली, 'अस्थायी' असा शिक्का मारून. भिकनला खाकी कोट मिळाला, पितळी बिल्ला मिळाला, आणि बंगल्यामागं एका खोलीचं क्वार्टर मिळालं. पत्र्याचं का असेना, सरकारी छप्पर.

आसपासच्या बायकांनी ती शेगडी पाहिली आणि पदर तोंडाला लावून तिचं नाव पोटुशी ठेवलं. तेच गावात चाललं.

इंजिनिअरनं जाताना पोटुशीला सांभाळायचे नियम इंग्रजीत लिहून दिले होते. बंगल्याचे ओव्हरसियर दत्तात्रय यांनी त्यांचं मराठी केलं, काच-चौकट करून व्हरांड्यात टांगलं. बंगल्यात माणसानं राहायचे नियम चार होते, पोटुशीचे अकरा. पोटात चार बोटं वाळू असावी, म्हणजे जाळ थेट मातीला लागत नाही. नवी असताना सात दिवस मूठभर काटक्यांचाच जाळ करावा, एकदम मोठा केला तर तडकते. पावसात उघडी ठेवू नये. जळता जाळ पाण्यानं विझवू नये, आपोआप विझू द्यावा. असं सगळं शहाणपणाचं होतं. सहावा नियम मात्र दत्तात्रयांच्या हातचा होता. 'ओल्या हाताने वा ओल्या फडक्याने हिला कधीही स्पर्श करू नये.' मुळात 'तापलेली असताना' असं काहीसं होतं म्हणतात, पण दत्तात्रयांचं मत असं की सरकारी नियमाला अट जोडली की नियम लुळा पडतो. म्हणून त्यांनी अट गाळली.

घरोघरी मातीच्या चुली, पण सरकारी नोकर असलेली चूल साऱ्या जिल्ह्यात ही एकच. भिकन सकाळी कोट चढवून तिच्याशेजारी स्टुलावर बसे. बुऱ्हाणपूरची थंडी ती केवढी? मार्गशीर्ष-पौषातल्या वीस-बावीस संध्याकाळी. तेवढ्या दिवसांत दौऱ्यावरचे साहेब येत, समोर खुर्च्या टाकत, गावातून मागवलेली माव्याची जिलेबी खात आणि 'वा भिकन' म्हणत. भिकन कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवी, वर बाभळीचं वाळकं लाकूड चढवी आणि धूर सरळ वर गेला की पोराचा पहिला नंबर आल्यासारखा साहेबांकडे पाही. उरलेले तीनशे चाळीस दिवस तो तिच्याजवळ येणाऱ्या शेळ्या हाकलत बसे. रविवारी गावातली माणसं पाहायला येत, त्यांना तो बिल्ला पुसत सांगे, "हात नका लावू. सरकारी हाय. हिकडून हवा जाते, तिकडून धूर निंघते. बाकीचं तुमाले समजनार नाही."

पहिल्या पावसाळ्यात त्यानं अकराच्या अकरा नियम पाळले. वर पत्रा बांधला, भोवती गोणपाट गुंडाळलं, ओला हात लांब ठेवला. आषाढात वाऱ्यानं पत्रा उडाला, तीन दिवस झड लागली, आणि चौथ्या दिवशी गोणपाट सोडून पाहतो तर पोटावर बोट जाईल एवढी भेग. वर गळ्यापर्यंत गेलेली. भिकन चक्क रडला. भेग पोटुशीला गेलेली नव्हती, त्याच्या क्वार्टरला गेली होती.

सरुबाईनं भेगेवरून बोट फिरवलं.

"उन्हाळाभर कोरडी ऱ्हायली ही, पानी लागताच फाटली. रोज हात नाही फिरला तर चूल फाटनारच ना."

"नियमात नाही ते."

"नियम कोनी केले? त्यानं कधी चूल सारवली होती?"

"सरू, तू हिले हात लावू नको. माझी नोकरी जाईन."

"भेग दिसली तं ऱ्हाईन का?"

भिकननं पिशवी उचलली आणि तो बाजारात गेला. तो परत येईपर्यंत सरुबाईनं तापीकाठची चिकण माती वस्त्रगाळ केली होती, त्यात गाढवाची लीद, राख आणि जिनातला कापसाचा चुरा कालवला होता, आणि भेग आतून-बाहेरून अशी बुजवली होती की पंडितबाबांना दाखवली असती तर त्यांनाही शोधावी लागली असती. त्या दिवसापासून तिनं रोज पहाटे पोटुशीला पोतेरं घालायला सुरुवात केली. घरच्या चुलीला घालतात तसंच. माती-शेणाच्या पातळ काल्यात चिंधी बुडवायची आणि गार पोटावरून, गळ्यावरून, तोंडाच्या काठावरून फिरवायची. दिवाळीला आतली वाळू बदलायची. पावसाळ्यापूर्वी अळशीच्या तेलाचा बोळा फिरवायचा. जाळ झाला की दुसऱ्या दिवशी राख काढून, बोटानं आत चाचपून, केसाएवढी चीर असली तरी तिथल्या तिथं लिंपायची.

आणि भिकन? भिकन तेवढ्या वेळात नदीवर जाई. मुद्दाम जाई. न पाहिलेल्या गोष्टीची जबाबदारी सरकारी नोकरावर येत नाही, हे त्याला कुणी न शिकवता समजलं होतं. तो परत येई तेव्हा पोटुशी सुकून लख्ख झालेली असे आणि तो कोट चढवून तिच्याशेजारी बसे. तीन पावसाळे असे गेले. लोक म्हणत, काय सांभाळली आहे भिकननं! भिकन मान लववून ते घेई. पहिल्यांदा घेताना जरा अडखळला असेल, पुढं सवय झाली. नंतर नंतर तर त्याला खरंच वाटू लागलं की त्याच्या बसण्यानंच ती टिकते.

मग छप्पन्न साल आलं आणि आपलं राज्य बदललं. आपण होतो तिथंच होतो, तापी होती तिथंच होती, पण नागपूर एकाएकी दुसऱ्या राज्यात गेलं आणि आपले कागद भोपाळला जाऊ लागले. चार ठिकाणची राज्यं एकत्र करून एक केलं, म्हणजे चार घरच्या चार सुना एका स्वयंपाकघरात आणून सोडल्या. कुणाचं लोणचं वर ठेवायचं इथून भांडण. ग्वाल्हेरकडचा कारकून आणि नागपूरकडचा कारकून, यांत मोठा कोण? रीवाकडचा साहेब आणि भोपाळकडचा साहेब, आधी नमस्कार कुणी करायचा? याच्या याद्या भोपाळात तयार होत होत्या आणि तयार होतच राहिल्या. त्याला एकीकरण म्हणत. एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या लोकांचं झालेलं एकीकरण.

दत्तात्रय ओव्हरसियर त्या दिवसांत वाळून निम्मे झाले. जन्मभर मराठी-इंग्रजीत टिपणं लिहिलेला माणूस, त्याला आता हिंदी लिहावी लागे. त्यांनी पोटुशीचं हिंदी 'बहिरंग अग्निपात्र' असं केलं आणि भिकनचं 'अस्थायी अग्निपात्र-रक्षक'. भिकनला ते फार आवडलं. त्यानं ते पाठ केलं आणि इतवाऱ्यात तीन दिवस सांगत हिंडला.

चौथ्या दिवशी ते नावच त्याच्या मुळावर आलं. भोपाळात कुणीतरी यादी वाचताना या पदावर थबकलं. अठ्ठावन्नच्या वैशाखात पत्र आलं की अस्थायी पदं पाहायला तीन साहेबांची समिती येत आहे. जे पद लागतं ते पक्कं होईल, जे लागत नाही ते जाईल. पद गेलं की क्वार्टर महिन्याच्या आत खाली करायचं.

भिकनची झोप उडाली. पक्कं झालं तर मरेपर्यंत कोट, बिल्ला, छप्पर. गेलं तर वयाच्या चाळिशीला सासऱ्याच्या अंगणात जाऊन माती तुडवायची, ज्या मातीला जन्मभर हिणवलं ती. दत्तात्रयांनी त्याला व्हरांड्यात बसवून आठ दिवस तालीम दिली.

"नियमाबाहेर एक शब्द बोलायचा नाही. अकरा नियम आणि तू. मधे तिसरं कुणी आणायचं नाही. हिंदीत बोल."

"हौ, रावसाहेब."

घरी येऊन त्यानं सरुबाईला बजावलं. "त्या दिवशी तू बंगल्याकडं फिरकू नको. काल्याचं घमेलं लपवून ठेव. कोनी इचारलं तं तुले काही माहीत नाही."

सरुबाई भाकरी थापत होती. "पक्की झाली नोकरी तं बरंच हाय," ती म्हणाली. "पन त्याहिनं इचारलं की कशी टिकली, तं काय सांगसान?"

"नियमानं टिकली म्हनून सांगीन."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. समिती यायच्या दिवशी मात्र तिनं पहाटे जरा जास्तच वेळ पोतेरं घातलं. पोटुशी अशी दिसत होती की जणू कालच चाकावरून उतरली.

समिती आली ती दुपारी बाराला. वैशाखातली बुऱ्हाणपूरची दुपार ज्यानं भोगली त्याला वर्णन नको, आणि ज्यानं भोगली नाही त्याला ते खरं वाटणार नाही. झाडावरचे कावळे चोच वासून बसले होते. तीन साहेब. एक ग्वाल्हेरकडचे, एक रीवाकडचे, एक भोपाळचेच. तिघांचा दर्जा सारखा, आणि आपापसांत वरिष्ठ कोण हे ठरायचं भोपाळात अजून बाकी होतं.

ग्वाल्हेरवाले साहेब पोटुशीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जलाकर दिखाओ."

दत्तात्रयांनी घाम पुसला. "सर, अभी? बैसाख में?"

"समिति ठंड तक नहीं रुकेगी."

खुर्च्या मांडल्या. आता मानाची खुर्ची कोणती? शेगडीच्या तोंडासमोरची, हे तर उघड आहे. ग्वाल्हेरवाले साहेब तिच्यात बसले. ते पाहून रीवावाल्या साहेबांनी आपली खुर्ची उचलून त्यांच्याहून वीतभर पुढं घेतली. भोपाळवाल्यांनी दोघांकडे पाहिलं आणि ते तर थेट तोंडाशी जाऊन बसले. भिकननं पऱ्हाट्या पेटवल्या, वर बाभूळ चढवली. जाळ धडधडला, धूर गळ्यातून सुतासारखा सरळ वर गेला. वर आभाळातून सूर्य भाजतोय, खाली समोरून पोटुशी भाजतेय, आणि मधे तीन साहेब कोट घालून शेकताहेत. कुणी उठेना. जो आधी उठेल तो कनिष्ठ ठरेल, अशी प्रत्येकाला धास्ती. रीवावाल्यांच्या चष्म्याची काच तापून ते डोळे मिटून घेऊ लागले. भोपाळवाल्यांच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येई आणि तिथून टपकन कागदावर पडे. "अच्छी गरमी देती है," ग्वाल्हेरवाले म्हणाले. दोघांनी मान हलवली. एकीकरणाच्या सगळ्या काळात तीन राज्यांचं एकमत झालेलं मी एवढंच ऐकलं आहे.

अर्ध्या तासानं जाळ आपोआप बसला, तेव्हा तिघं एकदमच उठले. ग्वाल्हेरवाल्यांनी पोटुशीभोवती फेरी मारली. टिचकी वाजवली. खणखणीत आवाज आला.

"कितने साल की है?"

"पाच पावसाळे, साहेब. पाँच."

"एक दरार नहीं! मरम्मत कितनी बार हुई?"

"एक बार भी नहीं," भिकन छाती काढून म्हणाला.

"मिट्टी लगाई कभी?"

"कभी नहीं. गीला हात तक नहीं लगाया. नियम नंबर छह!" त्यानं व्हरांड्यातल्या चौकटीकडे बोट दाखवलं. दत्तात्रय मागं उभे राहून समाधानानं मान डोलावत होते.

"तेल? रंग?"

"कुछ नहीं, साहेब. जैसी आई थी, वैसी खडी है."

भोपाळवाले साहेब लिहीत होते. लिहून झालं तसं त्यांनी मोठ्यानं वाचलं. अग्निपात्र उत्तम स्थितीत आढळलं. रक्षकाच्या स्वतःच्या बयानानुसार पाच वर्षांत त्याला माती, तेल, रंग, दुरुस्ती यांतलं काहीही लागलं नाही. सबब, या पात्राला देखभालीची आवश्यकता नाही. सबब, देखभालीच्या पदाचीही आवश्यकता नाही. पद समाप्त.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भिकनला आधी वाटलं आपल्याला हिंदी कळली नाही. त्यानं दत्तात्रयांकडे पाहिलं, तर ते चौकटीकडे पाहत होते, जणू बारावा नियम तिथं कुठं असेल तर सापडावा.

"साहेब," भिकन ओरडलाच, "साहेब, खोटं बोललो! रोज हात फिरते हिच्यावर! माझी घरवाली करते. रोज. ओ सरू! सरू, इकडं ये!"

सरुबाई क्वार्टरच्या दाराआड उभीच होती. डोक्यावर पदर घेऊन ती आली आणि साहेबांपासून दहा पावलांवर थांबली. विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, खाली पाहत पण न अडखळता. कोणती माती, किती लीद, कापसाचा चुरा कशासाठी, वाळू कधी बदलायची. भेग कुठून कुठवर होती ते तिनं बोटानं दाखवलं. साहेबांना तिथं काही दिसलं नाही. "दिसनार नाही," ती म्हणाली. "दिसली असती तं बुजली कशाची?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा अभिमान होता. आपल्या कामाबद्दल चार माणसांत तिला कुणी विचारलं, असं आयुष्यात कधी घडलंच नव्हतं.

रीवावाल्या साहेबांना प्रश्न पडला की हा सहाव्या नियमाचा भंग झाला, तर त्याबद्दल कारवाई करावी की काय. भोपाळवाले म्हणाले की जे लिहिलं ते लिहिलं. ग्वाल्हेरवाले साहेब मात्र हसायला लागले.

"अरे भाई, ये तो चूल्हा लीपना हुआ. चूल्हा लीपने की सरकारी नौकरी? तब तो हमारी श्रीमती जी को पेंशन देनी पडेगी!"

तिघंही साहेब खो खो हसले. उन्हानं आणि जाळानं आंबलेली तोंडं हसण्यानं मोकळी झाली. दत्तात्रय हसले. आणि भिकन हसला. साहेब हसले की हसायचं, ही पाच वर्षांची सवय. नोकरी जात होती तरी सवय गेली नाही. हसता हसता त्याची नजर सरुबाईकडे गेली. ती हसत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं पदर पुढं ओढला आणि ती आत निघून गेली.

महिन्याच्या आत क्वार्टर खाली केलं. कोट परत दिला, बिल्ला परत दिला. पोटुशी बंगल्यातच राहिली, नियमांच्या चौकटीच्या देखरेखीखाली, आणि श्रावणात तिचे तीन तुकडे झाले. त्याची कुणी चौकशी केली नाही. भिकन सासऱ्याच्या अंगणात माती तुडवायला लागला. पहिले काही दिवस पायांची घाण वाटली, पुढं वाटेनाशी झाली. चाक त्याला कधी जमलं नाही, पण माती तो चांगली तुडवायचा, असं खुद्द पंडितबाबा म्हणत. सरुबाई त्याच्याशी भांडली नाही, टोमणा मारला नाही, जेवायला वाढायची, कामाचं बोलायची. त्या दुपारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. भिकनला वाटलं, विसरली.

म्हातारपणी भिकनचा हा किस्सा साऱ्या कुंभारवाड्यात गाजला. तो सांगायचाही झकास. नेपानगरचे, तुकईथडचे पाहुणे आले की मुद्दाम त्याला सांगायला लावत. तो उठून तीन साहेबांच्या नकला करी, खुर्ची पुढं पुढं कशी सरकवली ते दाखवी, नाकावरून टपकणारा घाम दाखवी, आणि माणसं पोट धरून हसत. शेवटी तो ग्वाल्हेरवाल्यांचा आवाज काढी, "चूल्हा लीपने की सरकारी नौकरी?" आणि म्हणे, "तिघंच्या तिघं खो खो हासले पाहा, आन् आपली नोकरी खतम!"

एकदा असाच तो सांगत होता. अंगणात सात-आठ माणसं होती. सरुबाई आत, चुलीपाशी. तो शेवटावर आला, साहेबांचं हसणं हसून दाखवलं, माणसं हसली, आणि आतून तिचा आवाज आला. चढा नाही, रागाचा नाही, मीठ कमी आहे सांगावं तसा.

"आन् तुमी बी हासले होते. ते सांगत जा ना त्याहिले."

पाहुण्यांनी भिकनकडे पाहिलं. तो उभाच होता, साहेबाची नक्कल करायला वर केलेला हात तसाच. मग तो खाली बसला. चहा झाला, आणि पाहुणे एकेक करून उठून गेले.